गायरानाच्या मुरमाड उतारावर ४०० झाडं: खड्डे, पाणी, गिरिपुष्प, सल्ला हवा

माळावरचा

पुरंदर तालुक्याचा पूर्व भाग. गावाच्या गायरानातला साधारण १२ एकरांचा तुकडा, पूर्वेकडे उतार. पाऊस ५०० मिमीच्या आतबाहेर, त्यातला बराचसा परतीचा. माथ्यावर खडक आणि मुरूम, मधल्या पट्ट्यात वीतभर माती, खाली ओढ्याकडेला दोन-अडीच फूट चांगली माती. ग्रामसभेचा ठराव झालाय. रविवारी येणारी २०-२५ माणसं आहेत.

बेत असा: मे महिन्यात १० बाय १० फुटांवर दीड फूट लांब-रुंद-खोल असे ४०० खड्डे घ्यायचे आणि पहिल्या पावसात रोपं लावायची. रोपवाटिकेत करंज, कडुनिंब, काशिद, गुलमोहर, रेन ट्री मिळतील. मधल्या पट्ट्यात दोनेक एकर जुनं गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, परदेशी झाड) माजलंय, ते आधी तोडून टाकावं असं काहींचं म्हणणं आहे. खड्ड्यात काय भरायचं, पाणी किती आणि किती दिवसांनी, गिरिपुष्पाचं काय करायचं आणि सीडबॉल (मातीच्या गोळ्यांतल्या बिया) टाकावेत का, एवढं सांगा.

कुदळफावडं

आधी एक हिशेब. १० बाय १० वर ४०० खड्डे म्हणजे ४०,००० चौरस फूट, जेमतेम एक एकर. उरलेल्या ११ एकरांत काय करणार? दोरी लावून रांगोळीसारखे चौकोन आखू नका. जिथे पहार हातभर आत जाते तिथे खड्डा, जिथे टणकन वाजते तिथे नाही. दोन-तीन माणसांनी एक सकाळ पहार आणि चुन्याची पिशवी घेऊन फिरावं आणि जागा खुणवाव्यात. अंतर कुठे ८ फूट येईल, कुठे ३०. चालतं.

दुसरा हिशेब पाण्याचा, आणि रोपांचा आकडा ठरवायचा तो यावरूनच. पहिल्या वर्षी नोव्हेंबर ते जूनच्या मध्यापर्यंत दर १५ दिवसांनी रोपामागे १० लिटर धरा. ४०० रोपांना एका फेरीला ४,००० लिटर. अशा १५ फेऱ्या, म्हणजे ६०,००० लिटर, ५,००० लिटरच्या टँकरच्या १२ खेपा. टँकर पायथ्याशी उभा राहील, पुढे चढ. २० लिटरच्या कॅनमध्ये दोन रोपं होतात, म्हणजे फेरीला २०० कॅन. जुलैत २५ माणसं येतात, एप्रिलमध्ये १० आली तरी पुष्कळ. प्रत्येकाला २० कॅन उतारावर चढवायचे. एप्रिलच्या उन्हात हे होणार असेल तर ४०० लावा. नसेल तर १५० लावा. दुसऱ्या उन्हाळ्यातही पाणी लागतंच, फक्त अंतर महिन्यावर नेऊन मात्रा १५-२० लिटर करायची.

थोडं थोडं रोज देण्यापेक्षा एकदम भरपूर आणि मग ताण, हे मुळांना खाली खेचतं. चार दिवसांनी दोन-दोन लिटर दिलं की मुळं वरच्या चार इंचांत घोटाळतात आणि मे महिन्यात एक फेरी चुकली की रोप गेलंच.

खड्डे एप्रिल-मेमध्ये घ्या म्हणजे ऊन खातील. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. भरताना वरची माती आणि आजूबाजूची खरवडलेली माती, त्यात दोन-तीन किलो पूर्ण कुजलेलं शेणखत आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड. कच्चं शेण घातलं की वाळवीला आमंत्रण. मुरूम खड्ड्यात परत टाकू नका, खालच्या अंगाला चंद्रकोरीसारखा रचा, तोच पाणी अडवेल. आणि कडक मुरमात गुळगुळीत भिंतींचा खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली कुंडी. आत सगळं मऊ आणि बाहेर दगड, मग मुळं आतच गोल फिरतात. भरण्याआधी तळाला आणि चारही भिंतींना पहारीने पाच-सहा भोकं पाडा, फटी पडू द्या.

मधल्या पट्ट्यात चर घ्याच. दोन फूट रुंद, एक फूट खोल सलग समतल चर एका मीटरला साधारण १८० लिटर पाणी धरतो. समपातळी डोळ्याने काढू नका. सहा-सात फुटांचे दोन बांबू, मध्ये आडवी पट्टी, वरून दगड बांधलेला ओळंबा, अशी ए-फ्रेम अर्ध्या तासात होते. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून दोरी पट्टीवर कुठे येते ती खूण करा, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन्हींचा मध्य ती समपातळीची खूण. चराची रेघ वीतभर जरी ढळली तरी सगळं पाणी सखल टोकाला धावतं, तिथे बांध फुटतो आणि पुढच्या पावसात तिथून घळ पडते. म्हणून दर १० मीटरवर चरात फूटभर माती न खणता सोडा. एक तुकडा फुटला तरी बाकीचे शाबूत राहतात. रोप चराच्या तळात लावू नका, गाळाने खोड पुरलं जातं. चर आणि मातीचा बांध यांच्यामध्ये हातभर जागा सोडलेली असते, तिथे लावा.

गवत्या

वरच्यांचा पाण्याचा हिशेब बरोबर आहे, पण माझा प्रश्न त्याच्याही आधीचा. त्या १२ एकरांत आत्ता काय उगवतंय ते कोणी बघितलंय का?

माथ्यावर कुसळी, पवन्या असल्या गवताचे ठोंब असतील आणि झाडांची जुनी थुटं कुठेच नसतील तर तो माळ आहे, उजाड झालेलं जंगल नव्हे. खडकावर चार बोटं माती, तिथे गवतच शोभतं. तुमच्या शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, अवघं ५ चौरस किलोमीटरच्या आसपास. ते चिंकारासाठी राखलंय आणि तिथला अधिवास असाच खुरट्या झाडांचा आणि गवताचा. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल यांना उघडा माळ लागतो. त्यावर ओळीने काशिद लावणं म्हणजे घर मोडून मांडव घालणं. माथा सोडून द्या. खड्डेही नकोत, चरही नकोत.

मधल्या पट्ट्यात मात्र गुडघ्याएवढी खुरटलेली झुडपं दिसतात का पाहा, दरवर्षी शेळ्यांनी कुरतडलेली आणि वणव्याने भाजलेली. पळस, खैर, धावडा, हिवर, आपटा यांची थुटं जमिनीखाली कित्येक वर्षं जिवंत राहतात. वर बोटभर फुटवे, पण खाली मुळं पुरुषभर खोल. अशा थुटाला पाणी लागत नाही, खड्डा लागत नाही, फक्त चराई आणि आग तीन वर्षं लांब ठेवावी लागते. लावलेल्या रोपापेक्षा ते किती पुढे निघून जाईल हे दुसऱ्याच पावसाळ्यात दिसतं.

त्याचं काम हिवाळ्यात करायचं. एका थुटाला दहा-पंधरा फुटवे असतात, त्यातले सरळ, जोमदार दोन-तीन ठेवायचे आणि बाकीचे धारदार कोयत्याने बुडापासून तिरपे छाटायचे. बोथट कोयत्याने साल फाटते आणि बुरशी शिरते. छाटलेल्या काटेरी फांद्या राखलेल्या फुटव्याभोवतीच रचा, कुंपणाचा खर्च वाचला. पहिल्याच वर्षी एकावर आणू नका, शेळीने तो एक खाल्ला की संपलं. आधी दोन-तीन ठेवा, पुढच्या वर्षी एक.

मेच्या आधी रविवारची एक फेरी फक्त मोजणीची करा. प्रत्येक जिवंत थुटाशेजारी चुन्याने रंगवलेला दगड. आकडा किती येतो तो इथे लिहा, मग किती खड्डे लागतात ते बोलू.

माळावरचा

आज निम्मा पट्टा फिरलो. पळस आणि खैर मिळून १८० थुटं मोजली, हिवर २०-२५. बोराटी आणि हेंकळ भरपूर. माथ्यावर कुसळीच आहे, थुटं नाहीत. म्हणजे नवी रोपं फक्त ओढ्याकडेला आणि मधल्या पट्ट्यातल्या मोकळ्या जागांत लावायची असं धरतो, २०० च्या आत. मग जाती कोणत्या? आणि गिरिपुष्प राहिलंच. मियावाकी (खूप दाट लावणीचं जंगल) करा असंही एकाने सुचवलंय.

रोपवाटिकावाली काकू

यादीतून काशिद, गुलमोहर, रेन ट्री काढा. तिन्ही बाहेरची. करंज ठेवायचा तो ओढ्याकडेला. कडुनिंब मधल्या पट्ट्यात जिथे फूट-दीड फूट माती आहे तिथे.

ओढ्याच्या काठाला अर्जुन, उंबर, करंज, जांभूळ. काठापासून जरा वर, चांगल्या मातीत शिरीष, वावळ, भोकर, बेहडा, चिंच, बहावा. मधल्या पट्ट्याला खैर, हिवर, मेडशिंगी, आपटा, बेल, बारतोंडी, मोई, धामण. एकेका जातीची पाच-सात रोपं तरी जवळजवळ लावा. एकच बेहडा एका टोकाला लावून उपयोग नाही, त्यात नर आणि द्विलिंगी फुलं एकाच झाडावर असली तरी बी चांगलं धरायला शेजार लागतो.

रोप घेताना उंचीवर भुलू नका. पाच फुटी रोप लहान पिशवीत असेल तर त्याची मुळं तळाशी वेटोळं घालून बसलेली असतात, ती जमिनीत गेल्यावरही सुटत नाहीत. चार-पाच वर्षांनी एखाद्या वादळात झाड मुळासकट आडवं होतं तेव्हा ते वेटोळं दिसतं. दोन-अडीच फूट उंची, बुडाशी पेन्सिलीएवढं जाड खोड, पिशवीबाहेर मूळ नाही, असं रोप उचला. आणल्यावर १५-२० दिवस तुमच्याच माळावर उघड्या उन्हात ठेवा आणि पाणी हळूहळू कमी करा. सावलीतून थेट मुरमावर नेलेलं रोप पानं टाकतं.

लावताना पिशवी उभी चिरून काढा, ओढून नको. तळाचा बोटभर गोळा पात्याने कापून टाका, वेटोळं तिथेच असतं. खोड आणि मूळ जिथे मिळतात तो भाग जमिनीच्या पातळीला आला पाहिजे. खोल पुरलं की साल कुजते, वर राहिलं की मुळं उघडी पडतात. माती भरताना पायाने दाबा, आत पोकळी राहिली तर तिथे मूळ सुकतं. रोप नेहमी पिशवीला धरून उचलायचं, शेंड्याला धरून नाही. शाळेची मुलं येणार असतील तर त्यांना सगळ्यात आधी हेच शिकवा.

कधी लावायचं? पहिल्या पावसात नाहीच. तुमच्याकडे जूनची सर फसवते, नंतर तीन आठवडे आभाळ कोरडं. खड्ड्याशेजारी खणून बघा, फूटभर खोलीवरची माती मुठीत गोळा होते का. होत असेल तरच लावा, मग जुलै उजाडला तरी हरकत नाही. ऑगस्टच्या मध्यानंतर मात्र नको, मुळं धरायला वेळ उरत नाही.

मोई आणि पांगारा रोपांनी कशाला लावता? मे महिन्यात, पालवी फुटायच्या आधी, मनगटाएवढी जाड आणि पाच-सहा फूट लांब फांदी तोडा, तीन-चार दिवस सावलीत ठेवा म्हणजे चीक सुकेल, आणि दीड फूट खोल ठोका. उलटी ठोकली जाऊ नये म्हणून तोडतानाच वरच्या टोकाला चुना लावा. फुटवे जमिनीपासून बरेच वर निघतात, हा मोठा फायदा.

सीडबॉलबद्दल विचारलंत. हौस म्हणून ठीक, पण उतारावर ते घरंगळत जाऊन एकाच खळगीत जमतात, चिखल कडक वाळला तर कोंब आतच मरतो आणि उरलेलं मुंग्या-उंदीर नेतात. त्यापेक्षा टोकण करा. बोराटी किंवा हेंकळाच्या झुडपाच्या आत, काठीने भोक पाडून तीन-चार बिया, बीच्या जाडीच्या दुप्पट खोल. काटे राखण करतात आणि सावलीही मिळते. निंबोळी ताजीच लागते, गर धुऊन दोन-तीन आठवड्यांत पेरायची, गेल्या वर्षीची उगवत नाही. हिवराच्या बियांवर उकळून उतरवलेलं पाणी ओता आणि रात्रभर त्यातच थंड होऊ द्या. बहाव्याचं कवच फार टणक, दगडावर एका बाजूने घासून आतला पांढरा भाग जरासा दिसला की रात्रभर भिजवा. न घासता पेरलं तर एखादं या वर्षी, एखादं दोन वर्षांनी उगवतं. पळस शेंगेसकट पेरा, जूनमध्येच.

मियावाकी इथे नको. चौरस मीटरला तीन-चार रोपं, त्यासाठी जमीन मीटरभर खोल उकरून भरखत मिसळायचं आणि दोन-तीन वर्षं नियमित पाणी. उतारावर मीटरभर उकरलेली माती पहिल्याच पावसात ओढ्यात जाईल. शहरात बंगल्यामागच्या तुकड्यावर करणाऱ्यांनी करावं.

कुदळफावडं

काकूंशी एका बाबतीत मतभेद. करंज मधल्या पट्ट्यातही तग धरतो, माती फूटभर असली तर. पण संख्या मर्यादित ठेवा, सगळीकडे तोच सहज मिळतो म्हणून सगळीकडे तोच दिसतो.

आता गिरिपुष्प. एका झटक्यात दोन एकर तोडू नका. पहिलं कारण कायद्याचं: गायरानावरचं झाड, देशी असो की परदेशी, लेखी परवानगीशिवाय तोडायचं नाही. जागेचा सातबारा बघा, कुठे वनखात्याची हद्द लागते का तेही बघा. लागत असेल तर तिथे थुटाला कोयता लावायलाही वनखात्याची परवानगी लागते. दुसरं कारण असं की नुसतं तोडलेलं गिरिपुष्प एकाचं दहा होऊन फुटतं, आणि एकदम उघड्या पडलेल्या जागेत घाणेरी किंवा वेडी बाभूळ शिरते.

पट्टे पाडा. उताराला आडवा १५ फुटांचा पट्टा मोकळा, पुढचा ३० फूट तसाच, पुन्हा १५ मोकळा. अंगठ्यापेक्षा बारीक रोपटी जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या जमिनीतून मुळासकट उपटा, सुक्यात मूळ तुटून राहतं. मोठी झाडं एप्रिल-मेमध्ये जमिनीलगत कापा आणि मग खरं काम: दर तीन-चार आठवड्यांनी फुटवे हाताने ओरबाडून काढायचे, दोन वर्षं. कोयत्याने कापले तर डोळे शिल्लक राहतात. एक पावसाळा दुर्लक्ष केलं की सगळी मेहनत पाण्यात. कापलेला पाला नवीन रोपांच्या आळ्यात टाका, नत्र भरपूर असतं. फांद्या जमिनीला टेकवून ठेवू नका, ओल्यात मूळ धरतात. मोकळ्या पट्ट्यात सावली सोसणारी जात आधी लावा, शेजारच्या गिरिपुष्पाची आडोसा म्हणून मदतच होते. ती जात खांद्याला लागली की पुढचा पट्टा.

ओढ्याला घाणेरी असेल तर तिचं तंत्र वेगळं. बुडाभोवतीची माती बाजूला करून, जिथून फुटवे निघतात त्या गाठीच्या खाली मूळ तोडायचं, आणि झुडूप उलटं करून मुळं आकाशाकडे ठेवायची. नुसतं वरून छाटलं तर दुप्पट येते. फळं काळी व्हायच्या आत करा, नाहीतर पक्षी बी पसरवतात.

जाळरेषा

सगळ्यांनी लावण्याबद्दल लिहिलं, वणव्याबद्दल जेमतेम एक वाक्य. कुसळीचा माळ आणि उतार म्हणजे फेब्रुवारीनंतर बारूद.

नोव्हेंबरच्या शेवटी, गवत निम्मं पिवळं झालं की हद्दीने पाच मीटर रुंद पट्टा कापून, झाडून स्वच्छ करायचा. कापून तिथेच पडलेलं गवत म्हणजे जाळरेषा नव्हे, सरपण. १२ एकर चौकोनी धरले तर परीघ ९०० मीटरच्या आतबाहेर. २० माणसांची दोन-तीन रविवारची कामं. बारा एकरांच्या आतही एक आडवी रेष काढा, म्हणजे आग शिरलीच तर निम्मं वाचेल. पट्टा जाळून साफ करायचा असेल तर वनखात्याची माणसं हजर असल्याशिवाय काडी लावू नका. फेब्रुवारीच्या मध्यावर पट्टा पुन्हा झाडा, तोवर पालापाचोळा उडून आलेला असतो.

आळ्यातलं आच्छादन चार बोटं जाड ठेवा पण खोडापासून वीतभर लांब. खोडाला टेकलं की वाळवी चढते आणि आग आली तर तेच खोड भाजतं. मार्चमध्ये रोपाभोवती मीटरभर गवत खुरपून टाका.

आग लागलीच तर तिच्या वरच्या अंगाला कोणी उभं राहायचं नाही. ज्वाळा चढाला माणसापेक्षा वेगाने धावतात. जळून गेलेल्या बाजूने, कडेकडेने, ओल्या हिरव्या फांद्यांनी दाबत जायचं. आपटायचं नाही, ठिणग्या उडतात. पायात बूट, अंगात सुती कपडे. लहान मुलं नकोतच.

गवत कोणाला द्यायचं ते आधीच ठरवा. "चराई बंद" एवढाच फलक लावलात तर रात्री शेळ्या येतील. "कापून न्या, फुकट" असं गुरं-शेळ्यावाल्यांना बोलावून सांगितलंत, तर तेच लोक जाळरेषाही राखतील, कारण आग लागली की त्यांचा चारा जातो. मेंढपाळांची वाट तुकड्यातून जात असेल तर ती बुजवू नका. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारी मेंढरं जुन्या वाटेनेच जाणार. एका कडेने १५-२० फुटांची वाट मोकळी सोडा आणि तिच्या दोन्ही बाजूंना काटेरी फांद्या रचा.

माळावरचा

बरंच सुटलं. शेवटचं एक. ५,००० लिटरची टाकी देणगीत मिळतेय. ती माथ्यावर ठेवून ठिबक टाकावं का?

कुदळफावडं

टाकी ठेवा, ठिबक नको. माथा आणि ओढा यांत २० मीटर उंचीचा फरक असेल तर खाली दोन किलोचा दाब मिळतो, तो पुरेसा. पण पातळ नळ्या उंदीर-खारी कुरतडतात, गुरं पाय देतात, आणि विखुरलेल्या २०० रोपांना नळीचं जाळं फार लांब पडतं. त्याऐवजी ३२ मिमीची एकच मुख्य नळी उतारावरून खाली, दर ४०-५० मीटरवर एक तोटी, आणि बागेची ३० मीटरची लवचिक नळी दोघांनी फिरवायची. रोपामागे १० लिटर किती सेकंदांत पडतं ते बादली भरून एकदा मोजा आणि मग आकडे म्हणत पाणी द्या, नाहीतर तोटीजवळच्या रोपांना २० लिटर आणि टोकाच्यांना तीन असं होतं. मुख्य नळी वीतभर खोल पुरा, उघडी राहिली तर पहिल्याच वणव्यात जाते.

टाकी मात्र कुसळीच्या मधोमध नको, माथ्याच्या कडेला खडकावर बसवा आणि टँकर तिथवर चढतो का ते आधी रिकाम्या ट्रॅक्टरने बघा. चढत नसेल तर पायथ्याशी ठेवून पंपाने वर उचलावं लागेल, आणि मग डिझेलचा खर्च कोण देणार ते ग्रामसभेतच लिहून घ्या.

गवत्या

आणि उरलेल्या निम्म्या पट्ट्यातली थुटं मोजायची राहिलीत. या रविवारी ती मोजा, खड्ड्यांचा आकडा त्यानंतर.